बिघाड आधी मोजा, मग दुरुस्त करा
व्हिडिओ संकलनातल्या रोजच्या अडचणी आणि त्यांवरचे खात्रीचे उपाय

पेरुंगुडी हा चेन्नईच्या आयटी पट्ट्यातला गजबजलेला भाग. राजीव गांधी सालै, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला ओएमआर, इथूनच जातो. शेजारच्या तरमणीत एम.जी.आर. यांच्या नावाची सरकारी चित्रपट आणि दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्था आहे. कंपन्यांच्या प्रशिक्षण फिती, जाहिराती, यूट्यूब वाहिन्या, लग्नं, मुलाखती असं नाना प्रकारचं व्हिडिओचं काम या भागात चालतं. त्यात मराठीही असते. मूळ चित्रण इंग्रजीत किंवा तमिळमध्ये झालेलं असतं आणि मराठी आवृत्ती इथेच बसून करायची असते. संगणकावर बसलेल्या मुलाला देवनागरी वाचता येत नाही आणि मराठी निवेदकाला एडिटिंग येत नाही. तासाभरात फाइल पुण्या-मुंबईला जायची असते, आणि नेमका तेव्हाच आवाज ओठांच्या पुढे पळू लागतो किंवा रेंडर ८७ टक्क्यांवर थांबतो.

अशा वेळी बहुतेक जण एकदम चार गोष्टी बदलतात. सॉफ्टवेअर नव्याने टाकतात, सेटिंग फिरवतात, कुणाच्या तरी सल्ल्याने ड्रायव्हर अपडेट करतात. कधी योगायोगाने काम होतं, पण कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच दोष परत येतो. माझं सांगणं एवढंच आहे: दोष टाइमलाइनवर दिसला तरी त्याचं मूळ बहुधा चित्रीकरणात किंवा कॉपी करण्यात असतं. म्हणून आधी मोजा, जागा शोधा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

दोष कुठे आहे?

कुठल्याही बिघाडाच्या तीन जागा असतात: मूळ फाइल, टाइमलाइन आणि एक्स्पोर्ट. मूळ क्लिप व्हीएलसीमध्ये लावून पाहा. तिथेच दोष दिसला तर एडिटिंग सॉफ्टवेअरला हात लावू नका. मूळ क्लिप चांगली आणि टाइमलाइनवर बिघाड असेल, तर नव्या कोऱ्या सिक्वेन्समध्ये तीच क्लिप एकही इफेक्ट न लावता टाका. तिथे ती नीट चालली तर दोष जुन्या सिक्वेन्सच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या इफेक्टमध्ये आहे. टाइमलाइनही ठीक असेल आणि तयार फाइलच बिघडत असेल, तर दहा सेकंदांचा तुकडा वेगळ्या कोडेकमध्ये काढून पाहा. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती पुढचे दोन तास वाचवते.

सोबत मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ठेवाच. कोडेक, फ्रेम रेट, तो स्थिर आहे की बदलता, आवाजाचा सॅम्पल रेट, रंगाची माहिती हे सगळं ते एका पानावर दाखवतं.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. इथे फरक किती आहे हे पाहून भागत नाही, तो कसा वाढतो हे पाहावं लागतं. क्लिपच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी अशा तीन ठिकाणी फरक मोजा आणि कागदावर लिहा.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर काळजी नाही. आवाजाची पट्टी तेवढी मागे-पुढे सरकवा, काम झालं.

फरक एकसारखा वाढत जात असेल आणि तासाभराच्या शेवटी साडेतीन सेकंदांच्या आसपास भरत असेल, तर २९.९७ आणि ३० फ्रेममध्ये गल्लत झाली आहे. या दोन वेगांत एक हजारांश फरक आहे. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणून फरक ३.६ सेकंद. एवढा नेमका आकडा मिळाला की तर्क करण्याची गरज उरत नाही. क्लिपचा फ्रेम रेट सॉफ्टवेअरमध्ये योग्य सांगितला की आवाज जागेवर बसतो.

तासाभरात दोन-चार फ्रेमच फरक पडत असेल, तर कॅमेरा आणि वेगळा ऑडिओ रेकॉर्डर यांची घड्याळं किंचित वेगळी चालली आहेत. हे नैसर्गिक आहे. चित्राची लांबी भागिले आवाजाची लांबी एवढं गणित करा आणि आवाज तेवढाच ताणा. नाहीतर दर दहा मिनिटांनी, बोलणाऱ्याच्या विरामात, आवाज कापून जुळवा. यासाठी चित्रीकरणात सुरुवातीला जशी टाळी वाजवता तशीच शेवटीही वाजवा. शेवटची टाळी नसेल तर फरक मोजायला खूणच राहत नाही.

फरक कधी वाढतो, कधी कमी होतो, असं असेल तर फाइल मोबाइलवरची किंवा ऑनलाइन मीटिंगच्या रेकॉर्डिंगची असणार. अशी उपकरणं फ्रेम समान अंतराने टिपत नाहीत; ताण आला की वेग बदलतो. मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ असं दिसेल. एडिटिंगला बसण्याआधीच हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून ती फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये काढून घ्या आणि टाइमलाइनवर नवीच फाइल वापरा. अर्धं संकलन झाल्यावर फाइल बदलली तर कट सरकतात, म्हणून हे काम पहिल्या तासातच उरकावं.

आवाज पातळ होऊन भरभर चालत असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग ४८ म्हणून वाचलं जात आहे. व्हिडिओसाठी सगळी उपकरणं ४८ वरच ठेवा.

चित्रात सरकणारे पट्टे

कार्यालयात घेतलेल्या मुलाखतीत भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे. तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये नेमके दोन ठोके येतात, १/१०० ठेवलं तर एक. दोन्ही वेळा प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. १/६० ठेवलं की पावणेदोनच्या आसपास ठोके येतात, एका फ्रेमला जास्त उजेड मिळतो, दुसऱ्याला कमी, आणि पट्टे उमटतात.

म्हणून आपल्याकडे २५ फ्रेम आणि १/५० शटर ही जोडी सुरक्षित. ३० फ्रेमच हव्या असतील तरी शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. मोबाइलवर यासाठी शटर हाताने ठरवू देणारं कॅमेरा ॲप लागतं. काही स्वस्त एलईडी डिमर फिरवला की वेगळ्याच गतीने लुकलुकतात, त्यांच्यासाठी शटर थोडं थोडं बदलून पडद्यावर पट्टे जातात का ते पाहावं. चित्रीकरण झाल्यावर डीफ्लिकर इफेक्ट थोडंफार झाकतो, पण तो संगणकाला फार जड पडतो आणि चेहरा मेणचट करतो. हा दोष सेटवरच मिटवायचा असतो.

टाइमलाइन अडखळते

‘संगणक जुना झाला, नवा घ्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण आधी फाइलकडे पाहा. एच.२६४ आणि एच.२६५ हे कोडेक जागा वाचवण्यासाठी बनले आहेत. ते ठरावीक अंतराने पूर्ण चित्र साठवतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहितात. तुम्ही एका फ्रेमवर जाऊन थांबता तेव्हा संगणकाला मागचं पूर्ण चित्र शोधून पुढचे बदल एकावर एक रचावे लागतात. उलटं फिरवलं की हा हिशेब आणखी वाढतो. म्हणून लहानशी फाइल जड चालते आणि प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारी मोठी प्रोरेस फाइल हलकी चालते.

यावर उपाय प्रॉक्सी. संपूर्ण फुटेजच्या हलक्या प्रती प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबीमध्ये बनवा, त्यांवर संकलन करा आणि एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल जोडा. जागेचा हिशेब आधीच करता येतो. १९२० बाय १०८० आणि २५ फ्रेमला प्रोरेस प्रॉक्सी सेकंदाला ३८ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला साधारण १७ जीबी. तेच प्रोरेस ४२२ ला १२२ मेगाबिट, म्हणजे तासाला ५५ जीबी. दहा तासांच्या फुटेजला प्रॉक्सीसाठी १७० जीबी लागतील, हे काम घेतानाच कळलं तर डिस्क वेळेवर आणता येते.

नव्या कॅमेऱ्यांचं १० बिट ४:२:२ एच.२६५ हे आणखी अवघड प्रकरण. महागडं ग्राफिक्स कार्ड असूनही ते अडखळतं, कारण एनव्हिडियाच्या कार्डांत हा प्रकार थेट वाचण्याची सोय आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. त्याआधी इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक प्रोसेसरांमधलं अंगभूत ग्राफिक्स ते वाचतं. म्हणजे खर्च करण्याआधी संगणकात काय आहे ते पाहा, आणि इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स बंद केलेलं नाही ना, एवढं तपासा.

मराठी अक्षरं तुटतात

मराठी कामाला सगळ्यात जास्त बट्टा लागतो तो इथे. वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं अक्षर दिसतं, रफार भलत्याच जागी बसतो. तमिळ किंवा इंग्रजी जाणणाऱ्या संकलकाला हे दिसत नाही, त्याचा यात दोष नाही. दोष मजकूर मांडणाऱ्या यंत्रणेचा असतो.

प्रीमियर प्रोमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्स विभागात मजकुराची यंत्रणा ‘युरोपियन अँड ईस्ट एशियन’वरून ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’वर आणा. जुन्या आवृत्त्यांत हीच निवड इसेन्शियल ग्राफिक्सच्या मेन्यूत असते. आफ्टर इफेक्ट्समध्येही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये ती मिळते. बदल केल्यावर आधीची शीर्षकं पुन्हा टाइप करून पाहा.

दुसरी गोष्ट फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या संकेतात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नुसती इंग्रजी चिन्हं दाखवतो. मजकूर युनिकोडमध्येच मागा. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे मोफत युनिकोड फॉन्ट आहेत. मुक्ता आणि बालू मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवले आहेत. सबटायटलची एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं उमटतात.

तिसरी गोष्ट परीक्षेची. फॉन्ट पक्का करण्याआधी हे वाक्य पडद्यावर टाका: ‘दुसऱ्या दिवशी तऱ्हेतऱ्हेच्या विद्यार्थ्यांनी शुद्ध भाषेकडे लक्ष दिलं.’ यात ऱ्य, ऱ्ह, द्य, र्थ्य, द्ध, क्ष आणि पहिली वेलांटी सगळं आहे. ‘ऱ्या’मधला र आडव्या चंद्रकोरीसारखा दिसला पाहिजे, तो रफार होऊन ‘र्या’ झाला तर मजकूर चुकीचा टाइप झाला आहे किंवा फॉन्टला मराठीची ही सोय नाही. ल आणि श यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं, तेही बघून घ्या.

कुठल्याच सेटिंगने काम होत नसेल तर इंकस्केपमध्ये शीर्षक बनवून पारदर्शक पीएनजी काढा आणि चित्र म्हणून टाइमलाइनवर ठेवा. देवनागरी न वाचणाऱ्या सहकाऱ्यासाठी तीन रकान्यांचा तक्ता द्या: टाइमकोड, मूळ भाषेतलं वाक्य, मराठी वाक्य. सोबत त्याच मजकुराची पीडीएफ द्या, म्हणजे अक्षरं न वाचताही आकार ताडून पाहता येतात. शेवटची नजर मात्र मराठी माणसाचीच हवी.

रंग पांढुरके पडतात

आयफोन १२ आणि त्यापुढचे फोन मुळातच एचडीआर व्हिडिओ घेतात. तो साध्या रेक ७०९ टाइमलाइनवर टाकला की चेहरे जळल्यासारखे पांढरे होतात. लोक उजेड कमी करून झगडतात, पण खरा उपाय रंगव्यवस्थेत आहे. दा विंची रिझॉल्व्हमध्ये कलर मॅनेजमेंट सुरू करा; प्रीमियरमध्ये क्लिपचा कलर स्पेस तपासून टोन मॅपिंग लावा. साधंच आउटपुट द्यायचं असेल तर चित्रीकरणाआधी फोनमधला एचडीआर व्हिडिओ बंद ठेवा.

एक्स्पोर्ट झालेली फाइल एका पडद्यावर गडद आणि दुसऱ्यावर फिकी दिसत असेल, तर रंग लगेच बदलू नका. ती दोन प्लेअरमध्ये आणि एका फोनवर पाहा. बऱ्याचदा फाइल बरोबर असते आणि प्लेअर वेगळ्या गामाने दाखवत असतो.

खोलीतला गुणगुणाट

ओएमआरवर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम, रहदारी आणि चोवीस तास चालणारी वातानुकूलन यंत्रं. इथे शांत खोली मिळणं कठीण. मुलाखतीआधी सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. नको असलेला गोंगाट काढायला आणि कटांमधल्या फटी भरायला तो लागतो. सतत ‘हूँ’ असा आवाज येत असेल तर तो बहुधा विजेचा आहे: ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत १००, १५०. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा; अनेकदा तेवढ्यानेच तो जातो. यूट्यूबसाठी तयार आवाज −१४ एलयूएफएसच्या आसपास आणि शिखर −१ डेसिबलच्या खाली ठेवा. वाहिनीला द्यायचं असेल तर त्यांचं मानक आधी लेखी मागा; युरोपच्या आर १२८ मानकात ते −२३ आहे.

रेंडर अर्ध्यावर थांबतं

आधी डिस्कवर जागा आहे का पाहा. मग रेंडर कुठल्या टाइमकोडला थांबतं ते दोनदा नोंदवा. दोन्ही वेळा एकाच जागी थांबलं तर दोष त्या क्लिपमध्ये, इफेक्टमध्ये किंवा फॉन्टमध्ये आहे. वेगवेगळ्या जागी थांबलं तर उष्णता, मेमरी किंवा ग्राफिक्स कार्डाकडे संशय न्या आणि हार्डवेअर एन्कोडिंग बंद करून काढून पाहा.

जागा कळत नसेल तर टाइमलाइन निम्मी करा आणि दोन्ही भाग वेगळे काढा. बिघडलेला भाग पुन्हा निम्मा करा. ४० मिनिटांची टाइमलाइन सहा वेळा निम्मी केली की ३८ सेकंदांच्या आत येते, आणि तेवढ्या तुकड्यात दोषी क्लिप नजरेला पडते. ती क्लिप वेगळी रेंडर करून परत बसवा. क्लिपमध्ये काहीच सापडलं नाही तर संपूर्ण सिक्वेन्स नव्या प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करा. जुन्या प्रोजेक्ट फाइलमधला गंज त्यात बहुधा मागे राहतो.

कार्ड, डिस्क आणि डिसेंबरचा पाऊस

पेरुंगुडीच्या पाठीशी पळ्ळिकरणैची पाणथळ जागा आहे. ईशान्य मोसमी पावसाचं पाणी तिथे उतरतं. २०१५ च्या डिसेंबरातला पूर आणि २०२३ च्या डिसेंबरातलं मिचाँग चक्रीवादळ, दोन्ही वेळा हा सगळा सखल भाग पाण्यात होता आणि वीज गेली होती. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम इथे शब्दशः पाळावा लागतो. दुसरं ठिकाण म्हणजे त्याच इमारतीचा दुसरा मजला नव्हे. शहराचा उंच भाग, दुसरं गाव किंवा क्लाउड. तळमजल्यावर डिस्क ठेवूच नका, आणि यूपीएसला संगणकासोबत बाहेरची डिस्कही जोडा.

कार्डवरून कॉपी करताना कट-पेस्ट करू नका. आतल्या निवडक फाइल न उचलता संपूर्ण फोल्डर रचना जशीच्या तशी घ्या. चेकसम ताडणारं सॉफ्टवेअर वापरा, दोन ठिकाणी प्रती झाल्या, दोन्हीतल्या क्लिप उघडून पाहिल्या, मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यात. मोठी फाइल डिस्कवर जात नसेल तर ती डिस्क एफएटी३२ असेल. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवा.

फाइल चुकून पुसली गेली तर त्या क्षणी कार्ड बाहेर काढा. त्यावर एकही नवी फ्रेम घेऊ नका. फोटोरेक या मोफत साधनाने बरंच परत मिळतं. बॅटरी मध्येच गेल्यामुळे उघडत नसलेली एमपी४ फाइलही फेकू नका. कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग संपताना लिहितात, ती तेवढी लिहायची राहिलेली असते. अनट्रंक नावाचं साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना धरून ती अनुक्रमणिका पुन्हा बांधतं.

समुद्रही जवळ आहे. खारट दमट हवेने लेन्सवर बुरशी चढते. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या पेटीत ठेवा. थंडगार कार्यालयातून बाहेर पडताना कॅमेरा बॅगेतच राहू द्या, तो बाहेरच्या तापमानाला आला की मग काढा, म्हणजे काचेवर दव धरत नाही.

काम घेताना पहिलं काय कराल?

प्रत्येक नव्या कामाच्या पहिल्या दिवशी एक मिनिटाचं फुटेज संपूर्ण वाटेवरून पाठवा. त्याच कॅमेऱ्याने, त्याच माइकने, त्याच दिव्याखाली एक मिनिट घ्या. कॉपी करा, प्रॉक्सी बनवा, मराठी शीर्षकाची परीक्षेची ओळ टाका, एक्स्पोर्ट करा आणि ज्याला शेवटी द्यायचं त्यालाच पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते व्हिडिओ दाबून लहान करतं. मोठ्या फाइलचा वेळही आत्ताच मोजा: ५५ जीबीला १०० मेगाबिटच्या जोडणीवर पूर्ण वेग मिळाला तरी सव्वा तासाच्या आसपास लागतो. समोरच्याने ते मिनिट आपल्या पडद्यावर पाहून होकार दिला की फ्रेम रेट, रंग, आवाज, अक्षरं आणि फाइलचा प्रकार हे पाचही प्रश्न चित्रीकरणाआधीच सुटलेले असतात. तो होकार लेखी घ्या, सेटिंग वहीत उतरवा आणि काम संपेपर्यंत त्यातलं एकही बदलू नका.